पसंती कोणाची?

शुक्रवार, संध्याकाळ

मिळाली! धंतोलीच्या लॅबमधली नोकरी मिळाली, आणि श्रेय आत्याचं. तिला हे सांगितलं तर डोक्यावरच बसेल.

फोनवरचा इंटरव्ह्यू मी उभी राहून दिला होता आणि व्हिडिओवरचा लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर ठेवून. पण आज लॅबमध्ये तिघांसमोर बसायची धास्ती होती, म्हणून काल सरावासाठी घरच्यांनाच दिवाणावर ओळीनं बसवलं. आत्याला इंटरव्ह्यू एकच ठाऊक, मुलगी पाहायला येतात तो. तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "लग्न झाल्यावर नोकरी करशीन का?" मी भडकले. ती म्हणाली, "चिडून काहून राहिली वं? हासून त्यायलेच उलटं विचार."

आज मधल्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं! मी हसले. "सर, माझ्याआधी जो मुलगा येऊन गेला, त्यालाही हे विचारलंत का?" साहेब पेन शोधायला लागले. शेजारच्या डॉक्टर मॅडम खळखळून हसल्या. मग सगळे प्रश्न कामाचेच आले आणि शेवटी, "सोमवारपासून या."

तेव्हा मला काय झालं कोण जाणे. मला पाहायला आलेले सगळे आमच्याकडचे तर्री पोहे खाऊन "विचार करून कळवतो" म्हणत उठायचे. मीही तेच म्हणाले आणि उठले. जास्त झालं का? झालं असेल.

घरी आत्या दारातच उभी. "पसंत केलं का वं त्यायनं तुले?"

"त्यायनं केलं, आत्या. मी उद्या कळवतो म्हणून आली."