बिनआवाजाची सायकल

रविवार, दिवेलागण. मोखाडा.

कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेली नवी ग्रॅव्हल सायकल आज पहिल्यांदा पोशेऱ्याकडच्या मातीच्या वाटेवर नेली. हीच निवडली, कारण चालताना हिचा आवाज येत नाही. घंटीसुद्धा काढायला लावली मी! परतताना धुळीत माझ्याच टायरची नक्षी दिसली आणि तिच्यावर बिबट्याचे पंजे. मी गेलो होतो त्याच दिशेने.

तेवढ्यात मोळी घेतलेली एक बाई एकटीच मोठ्याने बोलत आली. म्हणाली, "मास्तर, इथून गप नाय जायचं. आवाज आयकला का तो बाजूला होतो." मग मीही गावापर्यंत तिच्यासोबत ओरडून पाढे म्हणत आलो.

ती नक्षी डोळ्यांसमोरून जात नाही. किती वेळ माझ्या मागे चालला असेल तो? आणि मी खुशीत, की सायकल किती गुपचूप चालते.