विहिरीवरचा बेंच

॥ श्री ॥

हिरालाल ले-आऊट, समुद्रपूर.
बुधवार.

अल्लीपूरच्या माननीय विहीणबाई रुख्मिणीबाई यांस समुद्रपूरच्या भागीरथेचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा खांदा दुखते, तरी दोन्ही जोडले.) इकडं सगळे जसे होते तसे आहेत. तुमची तब्येत कशी आहे? खोकला गेला का छातीत बसला? चक्कर येते का अजून? मागं ज्योत्स्ना म्हणत होती का आईले जिना चढताना दम लागते, तं कितव्या पायरीवर लागते तेवढं लिहा. जेवण जाते ना? झोपेत घाबरल्यासारखं होते का? बावीस वर्षं झाली तुमची पोरगी माझ्या योगेंद्रच्या घरात येऊन, अन् मी एकदाही तुमच्या तब्येतीचं इचारलं नाई, असं तुम्ही साऱ्या अल्लीपुरात सांगता. तं घ्या, आज सगळं एकदम इचारलं.

पत्राचं कारण आमच्या ले-आऊटचे बगीचे. दिवाळीत आल्या तवा तुम्ही म्हटलं होतं, काय जी थाट तुमचा, तीन-तीन बगीचे. ते तीन कसे झाले ते ऐका. हे सारं आमचं वावर होतं, तुम्हाले मालूम आहे. हिरालाल शेठनं घेतलं, चुना टाकून प्लॉट पाडले. सरकारचा नियम पडला का इतकी जागा बगीच्याले सोडाच लागते. आता शेठ काय चांगली जागा सोडते? जिथं कोणी फुकटात घर बांधणार नाई, तीच जागा त्यानं झाडाफुलायले देली. पहिला बगीचा जुन्या मसणवाटेवर. गावातलं मयत नदीवर जाये तो रस्ता. तिथं दोन झोपाळे आहेत. पोरं एकावरच नंबर लावतात, दुसरा रिकामा, अन् पान हलत नसते तरी तो हलते. मी एका पोरीले इचारलं, काऊन वं, त्याच्यावर काऊन नाई बसत? तं म्हणे, आजी, त्याचा नंबर चालू आहे ना. कोणाचा ते सांगे नाई. दुसरा बगीचा नाल्याच्या काठावर. तिथं कसरतीच्या लोखंडी मशिनी लावल्या आहेत. संध्याकाळी बाया घरी गेल्या का त्यातली चालाची मशीन आपल्या मनानं चालत राहते, एक पाय पुढं, एक पाय मागं. आमच्या समोरची नवी किरायेदारीण वर्षाली म्हणते, ग्रीस जास्त झालं असंन. असंन बाप्पा. (पण एवढं चालून कोणाचं पोट कमी होऊन राह्यलं, ते मले एकदा पाहाचं आहे.)

तिसरा बगीचा आमच्या विहिरीवर. तीस हात खोल विहीर, शेठनं मुरूम टाकून बुजवली अन् वर हिरवळ लावली. मे महिन्यात सारं समुद्रपूर वाळते, ते गवत ओलं. दरवर्षी तिथली जमीन चार बोटं खाली जाते, दरवर्षी ट्रॉलीभर मुरूम पडते, पुढच्या वर्षी पुन्हा चार बोटं. मी सतरा वर्षं त्या विहिरीचं पाणी ओढलं, म्हणून सांगते, तिचं पोट भरणारं नाई. याच बगीच्यात लोकं सिमेंटचे बेंच देतात, आपल्या गेलेल्या माणसायच्या नावानं. सासऱ्याले जिवंतपणी ज्यायनं बाहेरच्या खाटेवरून आत घेतलं नाई, त्यायचा बेंच सगळ्यात मोठा. ते जाऊ द्या. नावं सारी जाम गावचा कवडू पेंटर लिहिते.

तं झालं असं का मले पंच्याहत्तर लागले म्हणून योगेंद्रले उमाळा आला. म्हणे आईच्या नावानं बेंच देतो. साडी दे म्हटलं तं ऐकलं नाई. त्यानं कवडूले फोनवर नाव सांगतलं, पण बाई जिवंत आहे हे सांगतलं नाई, अन् कवडूनं इचारलं नाई. त्यानं काऊन इचारावं? साऱ्या जन्मात त्यानं बेंचवर जित्या माणसाचं नाव लिहेलंच नाई. ब्रश टेकला का हात आपोआप 'स्व.' काढते. सोमवारी मी फिराले गेली तं विहिरीच्या बरोबर मधात नवा कोरा बेंच, निळ्या रंगात, 'स्व. भागीरथाबाई यांच्या स्मरणार्थ'. अक्षर सुंदर आहे, खोटं काऊन बोलू. पाय दुखत होते म्हणून मी त्याच्यावरच बसली. तेवढ्यात वर्षाली आली. तिले माझं नाव मालूम नाई, आजीच म्हणते. पाटी वाचून म्हणे, आजी, तुम्ही ओळखत होत्या का जी या बाईले? मी म्हटलं, चांगली ओळखत होती, लय तोंडाळ होती. तिनं बिचारीनं बेंचले हात लावून नमस्कार केला. माझ्या मांडीले लागला तिचा हात, तशी दचकून म्हणे, आजी, किती थंड आहे जी तुमचं अंग!

तिथवर हसण्यावारी नेलं. मंगळवारी रेशनच्या दुकानात गेली तं मशीन अंगठा घे नाई. उजवा, डावा, पुसून, थुंकी लावून, सारं झालं. दुकानदार म्हणे, आजी, तुम्ही मशीनमध्ये दिसूनच नाई राह्यल्या. शेवटी ज्योत्स्नाच्या अंगठ्यावर गहू आणले. वापस येताना नाक्यावरचा कुत्रा, जो मले तेरा वर्षांपासून भुंकते (मी पण त्याले सोडत नाई), तो शेपटी पोटात घालून बाजूले झाला. मंग मात्र मी रॉकेलची बाटली अन् नारळाची शेंडी घेऊन बगीच्यात गेली. घासून घासून ते 'स्व.' साफ काढलं. आज सकाळी पाह्यलं तं पुन्हा जसंच्या तसं. फक्त निळ्याचं काळं झालं होतं. अन् बसली, तं खालून आवाज. आधी वाटलं माझे गुडघे. मंग समजलं, रहाट होये. आमचाच, त्याच्या चाकाची कुईकुई मी मेली तरी विसरणार नाई. कोणीतरी खालून बादली वर ओढून राह्यलं होतं, अन् बादली भरेल होती.

कवडूले बलावलं. तो ब्रशले हात लावाले तयार नाई. म्हणे, आजी, चूक माझी, पण लिहेलं 'स्व.' पुसू नका, ते रिकामं राहत नाई, दुसरं नाव पाहते. मागच्या साली आमच्या ले-आऊटमधल्या अण्णाजीच्या बापाच्या बेंचवर चुकीनं अण्णाजीचंच नाव पडलं होतं. कवडूनं पुसून देलं. आठव्या दिवशी शेजारचे प्रभाकरराव, दोन भाकरी खाणारा गडी, त्याच बेंचवर बसल्या बसल्या गेले. आता तिथं त्यायचं नाव आहे. अण्णाजी रोज सकाळी त्याले हार घालते, अन् जरा जास्तच मोठा घालते. रविवारी आमच्या साऱ्या नव्या बेंचायवर नारळ फुटणार आहे. कवडू म्हणे, नारळ फुटला का नाव पक्कं, मंग माझ्या बापाच्यानंही बदलत नाई. योगेंद्र म्हणते, आई, काई होत नाई. त्याचं नाव नाई ना त्याच्यावर. कवडू अजून एक गोष्ट बोलला, ते इथं लिहित नाई.

बाकी खुशाल. व्याह्यायले नमस्कार, वासराच्या पाठीवरून हात फिरवा. थोडं लिहेलं आहे, राह्यलेलं तुम्ही नेहमीसारखं पदरचं घालून गावात सांगालच.

तुमची विहीण,
भागीरथा (अजून तरी बिनास्व.)

ता. क. तुमचं पूर्ण नाव, व्याह्यायच्या नावासकट, आडनावासकट, आधार कार्डावर आहे तसं मोठ्या अक्षरात लिहून पाठवा. रविवारच्या आत. कशाले ते इचारू नका.

ता. क. दुसरं. तुम्ही इचारल्याशिवाय राहणार नाई, तं सांगून टाकते. आता तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात होतं. (वरचा खोकला, चक्कर, पायऱ्या पुन्हा वाचून पाहा.) पण अर्धं पत्र झाल्यावर इचार केला, तुम्ही गेल्यावर माझ्या भाजीले नावं कोण ठेवीन? घरातले तं मुकाट्यानं गिळतात. कवडूनं सांगतलं ते असं, एका बेंचवर जित्या माणसायची दोन नावं असली का त्या 'स्व.'ले कोणाले धरावं ते समजत नाई, मधातच अडून राहते. आपला योगेंद्र बावीस वर्षांपासून आपल्या दोघीच्या मधात तसाच अडून आहे. तं ते 'स्व.' काय चीज आहे.

ता. क. तिसरं. टपालाचा भरोसा नाई म्हणून पत्र भेटल्याबरोबर फोन करजा. मी शिव्या देल्या तं नाव सांगा. फोन उचलला पण कोणी बोललं नाई, मागं नुसता रहाट वाजला, तं नाव सांगू नका. ठेवून द्या.