दगड झाकण्याआधीचा फोटो

२ सप्टेंबर, मंगळवार

फोटोच्या धंद्यासाठी ऑनलाइन जागा ठरली एकदाची! एक ठिकाण स्वस्त, पण नुसतं गोदाम – फोटो टाका आणि विसरा. दुसरं देखणं, पण फोटो बारीक करून ठेवतं. घेतलं ते तिसरं. मूळ फाइल जशीच्या तशी, प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी गॅलरी, पासवर्ड आणि लिंकची मुदत आपल्या हातात. चुकून खोडलेलं महिनाभर कचरापेटीत राहतं. शिवाय फोटो कॅमेऱ्यातून थेट गॅलरीत! ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आमच्या थर्सडे आयलंडच्या खाऱ्या हवेत हार्ड डिस्क किती टिकतात, ते मला विचारा.

४ सप्टेंबर

डल्सी आंटी आली. तिच्या नवऱ्याच्या, तानू अंकलच्या थडग्याचा दगड तयार झालाय, तेरा तारखेला सगळ्यांसमोर त्यावरचं कापड काढायचं.

"केर्न्सला राहणाऱ्या सगळ्या नातलगांना काही यायला जमणार नाही. विमानाचं भाडं ऐकलंस ना? त्यांना तिथल्या तिथे दिसायला हवं."

"मी बटण दाबलं की त्यांच्या फोनवर."

"आणि माझ्या?"

"तू तर समोरच असशील, आंटी!"

"मी रडत असेन गं. नंतर बघायला नको?"

तिलाही लिंक दिली.

९ सप्टेंबर

गॅलरीत अंकलचे जुने फोटो टाकले. होडीत उभा, दोन्ही हातांत शेवंडं, तोंडभर हसू. केर्न्सची मंडळी आत्तापासूनच ठाण मांडून बसलीत. झकास चाललंय.

११ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी वासीचा फोन. "दगड उभा केलाय. कारागिराला फोटो पाठवायचाय, मग गुंडाळतो. पटकन ये."

वासी म्हणजे अंकलच्या बहिणीचा नवरा. रीतीप्रमाणे दगडाचं सगळं काम त्याच्याकडचं. घरच्यांनी कापड निघेपर्यंत बघायचा नाही. डल्सी आंटी महिनाभर कबरस्तानाच्या रस्त्यालाही फिरकलेली नाही.

काळा दगड, त्यावर अंकलची होडी. चार-पाच फोटो काढले आणि निघाले. दुकानापर्यंत पोचते तोच केर्न्सहून फोन – रोझेला, अंकलची भाची.

"होडी अगदी हुबेहूब गं!"

"कुठली होडी?"

"दगडावरची!"

कॅमेरा गॅलरीला जोडलेलाच होता! भर रस्त्यात उभं राहून सगळे खोडले. रोझेलाला म्हटलं, कोणापाशी बोलू नकोस, आईपाशीसुद्धा. "मला वाटलं मुद्दाम टाकलेस," म्हणाली.

परत जाऊन वासीला स्वतःच सांगितलं. तो कापड बांधत होता.

"वा, नेटी! इतके महिने मी हा दगड लपवला, आणि तू एका दमात केर्न्सला पोचवलास!" मग हळूच, "डल्सीनं पाहिला?"

"माहीत नाही."

"विचारू नकोस. पाहिला नसेल तर विचारण्यानंच कळेल तिला. पाहिला असेल, तर शनिवारी तिच्या चेहऱ्यावर सगळ्या बेटाला दिसेल. इतके दिवस ती त्याच एका क्षणासाठी थांबलीय."

१२ सप्टेंबर

कॅमेऱ्यातले फोटो आता आधी माझ्या खाजगी फोल्डरात. मी पाहून सोडेन तेच पुढे जातील. निवड चुकलेली नाही. घाई माझी होती. उद्याचं काम चोख करायचं, बस.

१३ सप्टेंबर, शनिवार

ढोल. कापडावर रिबिनी. डल्सी आंटीनं एक टोक धरलं, ओढलं – आणि गुडघ्यांवर बसली. तो हंबरडा! तिचा चेहरा मी जवळून टिपला. आधी पाहिलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हे. पलीकडून वासीनं मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला.

फोटो लगोलग केर्न्सला. मग नाच आणि जेवण – कासव, जमिनीत भाजलेलं डुक्कर. पोटाला तडस लागली.

१५ सप्टेंबर

डल्सी आंटी डँपर घेऊन आली. ऊन ऊन पाव, कापडात गुंडाळलेला. सगळे फोटो पाहिले, हसली, डोळे पुसले. उठता उठता म्हणाली, "आणि तो गुरुवारचा? कापडाआधीचा?"

मी पटकन गॅलरी मिटली.

"घाबरू नकोस. गुरुवारी तो फोनवर दिसला, आणि गर्दी व्हायच्या आधी जरा वेळ आम्ही दोघंच होतो, मी आणि तुझा अंकल. मग पुन्हा उघडला तर दिसेना. वासीला सांगू नकोस हं, तो बिचारा किती जपत होता!"

कचरापेटीतून काढला. तिच्या एकटीसाठी वेगळी लिंक, एकच फोटो. मुदत कधी संपेल, त्या रकान्यात – कधीच नाही.