घरबसल्या मिळणारं भाडं

अनुया,

मी कुरुळीला चाललेय. आपल्या खोल्यांची पाण्याची मोटर घरघरतेय. भाडेकरू गणराजने फोन मोटरजवळ धरून आवाज ऐकवला, बेअरिंग गेलंय. कारखान्यातून पहिल्या शिफ्टची पोरं तीनला खोल्यांवर परततील, त्याआधी टाकी भरायला हवी.

पोर्तुगालच्या व्हिसाचा एजंट अकराला सही घ्यायला येईल. त्याला चहा-उपमा दे, बसवून ठेव, पण मी कुठे गेलेय ते बोलू नकोस. मला या खोल्यांचं भाडं घरबसल्या, काही न करता मिळतं असं त्याने फॉर्मवर लिहिलंय, आणि व्हिसा त्यावरच मिळणार आहे.

तू म्हणतेस, तिकडे दोघींनी निवांत समुद्राकाठी बसायचं. बसेन की. फक्त त्या काठावर गणराजचा फोन लागतो का, तेवढं एजंटला हळूच विचार.

आई