ऐकू आलं ते

४ मार्च

मी टाइप करते ती भाषणं नाहीतच! आज कळलं. साहेबांच्या टेबलाखाली यंत्र आहे. कुणी बोलायला लागलं की आपोआप चालू होतं. देशाच्या प्रमुखाची खोली — आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाच पत्ता नाही. टायपिंगच्या मॅडमनी दाराला कडी घातली नि म्हणाल्या, "ऐकलं ते लिहायचं. कळलं नाही तिथे 'अस्पष्ट' लिहायचं. अंदाज नको. आणि घरी चकार शब्द नको."

आई म्हणते, भिंतीला कान असतात. इथे कानांना पगार आहे.

नोकरी मामाने लावली. तो साहेबांची गाडी चालवतो. पण त्यालाही सांगायचं नाही.

७ मार्च

आजच्या टेपमध्ये साहेब फोनवर, एका संपादकाशी. "अर्थमंत्र्याला घालवतोय. उद्या छापा. माझं नाव नको." मग खोकला. खोकलाही लिहिला.

८ मार्च

छापून आलं! दुपारच्या टेपमध्ये साहेब सगळ्यांवर ओरडतायत, "माझ्या घरात फितूर कोण?" मी हेडफोन काढून पुसला. आवाज तोच.

१० मार्च

मॅडमनी ७ तारखेचं पान परत दिलं. फोनच्या ओळींवर पेन्सिलने — अस्पष्ट.

"स्पष्ट आहे मॅडम. पुन्हा पुन्हा ऐकलं."

"तुला कान जरा जास्तच आहेत."

तरी मी तेच पुन्हा टाइप करून दिलं. माझ्या वडिलांना, अण्णांना, कुणीतरी कागद खोटा वाचून दाखवला, त्यांनी अंगठा दिला, आणि आमची राहती खोली गेली. म्हणून तर मला शिकवलं. मीच खोटं लिहू?

११ मार्च

मॅडम गोड बोलतात. चहा घेतेस का म्हणाल्या. कधी विचारत नाहीत!

१३ मार्च

मामाला काढलं! बातमी त्यानेच गाडीत ऐकून फोडली म्हणे. गाडीच्या किल्ल्या बोटावर फिरवल्याशिवाय त्याला बोलता येत नाही — आज बोट रिकामं. "एक शब्द बाहेर काढला असेल तर जीभ झडो माझी," म्हणाला. आई रडायला लागली. मग माझ्याकडे वळला, "काय टायपिस्टीणबाई, तू तिथेच असतेस. कुणी फोडलं, कानावर आलं का काही?"

"मी पत्रं टाइप करते, मामा."



१४ मार्च

बसथांब्यावर कालचाच माणूस. की मला आता सगळेच कालचे वाटतात?

१६ मार्च

मामा पुन्हा आला. आई भाजी आणायला गेली होती, तेवढ्यात मला धरलं. "उद्या पोलीस नेतील मला. एक नाव सांग, बस्स. सख्ख्या बहिणीची मुलगी ना तू?" डोळ्यांत पाणी. मामाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तोंड उघडलं होतं मी — दारात आई आली.

ज्याने नोकरी लावली त्याचाच बळी जातोय, आणि मी गप्प!

ठरलं. उद्या कामावरून आले की सांगणार. नोकरी जाऊ दे, तुरुंग होऊ दे.

१७ मार्च

मॅडमनी टेप स्वतः आणून टेबलावर ठेवली. "ही तूच कर."

साहेबांची खोली. आधी किल्ल्यांचा आवाज — बोटावर फिरणाऱ्या. मग मामा.

"दोनदा विचारलं, साहेब. रडूनसुद्धा दाखवलं. तिच्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण पोरगी पक्की आहे."

"मग उद्यापासून या गाडीवर."

मामा हसला.

टाइप केलं. हसणंसुद्धा. एकही शब्द अस्पष्ट नाही.