तुझा खुला प्रश्न

प्रिय पत्नीस,

संगणकक्षेत्रातील देशोदेशीची मंडळी जेथे एकमेकांना शंका विचारतात, त्या आंतरजालावरील मंचावर तुझ्या अखेरच्या प्रश्नाला काल उत्तर आले. ‘उपचार संपले की कामावर परतायचंय, आधी नवीन काय शिकू?’ असे तू रुग्णालयातून विचारले होतेस. कोणी सद्गृहस्थ लिहितात, ‘ताई, जुन्यावर हात बसलाय, नवं सहज येईल. करून बघा, जमलं की सांगा!’

उत्तर उपयोगी पडल्याची खूण प्रश्नकर्त्यानेच करावी, असा तेथील नियम. सौजन्य म्हणून मी तुझ्या संगणकापुढे बसलो. पण तू मला दटावायचीस, ‘अहो प्राध्यापक, करून बघितल्याशिवाय जमलं म्हणायचं नाही!’ मी हात मागे घेतला.

तुझे निधन त्यांना कळवणे उचित आहे, हे जाणतो. परंतु तेथे तू अजून कामावर परतणार आहेस.

तुझ्या खुर्चीत बसलेला,
तुझा प्राध्यापक