आत्याचा शब्द

प्रिय लुपे,

तुझं पत्र येऊन तीन रविवार उलटले. म्हातारी रुसली असं समजू नकोस. तिथल्या कितिओनेशी लग्न करू का, असं विचारलंयस, आणि फेलेतीची आत्या म्हणून मी हो म्हटल्याशिवाय पाऊल उचलणार नाहीस म्हणतेस. गावात कळलं तर म्हणतील, ऑकलंडला चार वर्षं राहूनही पोरगी रीत विसरली नाही. मी मात्र चारदा कागद पुढ्यात घेतला आणि चारही वेळा तो सारून चटई विणायला बसले.

बाकी मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, त्यांना मी दाद देत नाही. इनोके, माझा भाऊ, त्याचा फेलेती गेल्यापासून कोनफळं एकट्यानेच लावतो, कुणाला मळ्यात पाऊल टाकू देत नाही. रविवारी उपासनेनंतर अळूच्या पानात बांधलेलं मटण त्याच्या पुढ्यात ठेवते, तो खातो, छान झालंय म्हणतो आणि उठतो. एवढंच आमचं बोलणं. चर्चमध्ये फेलेतीची जागा अजून रिकामी आहे. ठेवा असं कुणी सांगितलं नाही, पण तिथे कुणी सरकतही नाही. गाणं सुरू झालं की खालचा सूर येत नाही, आणि मला दर वेळी वाटतं, पोरगं उशिरा आलंय, आता दारातूनच सूर धरेल. फार आठवण येते गं त्याची.

गणितात भोपळे आणणारं हे कार्टं फळ्यावर आपल्या गाण्यांचे सूर आकड्यांत मात्र धडाधड लिहायचं. तीन, पाच, सहा, एक आकडा चुकायचा नाही, आणि तेच आकडे सगळी गायनमंडळी त्याच्यामागून गायची. मी म्हणायचे, 'मेल्या, हेच आकडे बेरजेत कुठे तोंड लपवतात?' तो म्हणायचा, 'आत्या, बेरजेला चाल नसते.' प्रवचनात मात्र झोपायचा. एकदा पाळकसाहेबांनी भर उपासनेत सांगितलं, 'फेलेतीला उठवा रे कुणीतरी, माझं संपलं.'

आणि तुझ्या हातचा तो मुळीचा कावा! तू पहिल्यांदा वाढायला बसलीस ती संध्याकाळ आठवते ना? कावा म्हणजे गढूळ पाणी असं म्हणणारा हा गडी त्या दिवशी वाटीमागून वाटी रिचवत गेला. शेवटी जीभ इतकी बधिरली की तुझं नाव घेता येईना. घरी येऊन मला म्हणाला, 'आत्या, जमवून दे.' मी म्हटलं, 'आधी तोंड चालू दे, मग लग्नाचं बोल.' मनातून मात्र मी तेव्हाच तुला सून केलं होतं. तू पुढे ऑकलंडला जाऊन काम धरायचं, त्याने मागून यायचं, असं ठरलं.

तू पत्रात पुन्हा तेच लिहिलंयस. तो गेला त्याआधीच्या बुधवारी मळ्यात पहार त्याच्या पायात घुसली, शुक्रवारी पाय टम्म सुजला, आणि त्याच दिवशी तू फोनवर म्हणालीस, 'रविवारच्या उपासनेत रेडिओवर तुझा आवाज ऐकायला सगळ्यांना घरी बोलावलंय.' म्हणून तो शनिवारच्या बोटीने मोठ्या बेटावरच्या इस्पितळात गेला नाही, असं तू धरून बसलीस. तेव्हापासून गाणं सोडलंस, आणि आता लग्नही त्याच पापाच्या मापाने तोलतेस. मयताच्या दिवशीही तू फोनवर रडून हेच म्हणाली होतीस. मी काही बोलले नव्हते.

त्या दिवशी मी त्याच्या उशाशी बसले होते. भावाच्या लेकरावर आत्याचा मान आईबापाहून मोठा, तो मिळाला मला. त्याच्या मामाची माणसं, त्यांचा मान खालचा म्हणून, बाहेर धुरात मयताच्या जेवणाची डुकरं भाजत होती आणि मी आत न हलता बसून होते. घरातल्या सगळ्यात तलम चटया माझ्यापुढे आणून ठेवल्या, 'घ्या आत्या, तुमचाच मान' म्हणून. त्या मी अजून उलगडलेल्या नाहीत.

आता खरं सांगते, त्यासाठीच हे पत्र. तुझ्या फोनला हो हो म्हणूनही फेलेती शनिवारी गाठोडं घेऊन बोटीवर चढला होता. तो निघालाच होता, लुपे. मी धक्क्यावर गेले. रविवारी पलीकडच्या गावची मंडळी आपल्याकडे गायला येणार होती, मला त्यांची जिरवायची होती, आणि खालच्या सुराला त्याच्यावाचून कुणी नव्हतं. सगळ्यांदेखत मी ओरडले, 'काय रे, पायानं गातोस की गळ्यानं? उतर खाली, सोमवारी जा!' बोटीवरची माणसं हसली. तोही हसला. 'आत्या म्हणते तर उतरायलाच हवं,' म्हणाला आणि लंगडत उतरला. रविवारी आपल्याकडे बोट सुटत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? तो गायला, तू ऐकलंस, पलीकडच्या गावाने माना डोलावल्या. सोमवारी बोटीत, निम्म्या वाटेत, इनोकेच्या मांडीवर त्याने जीव सोडला. इनोकेने मला आजवर एका शब्दाने विचारलं नाही. मोठ्या बहिणीला कोण विचारणार? आणि मी माझं पाप तुझ्या डोक्यावर ठेवून चार वर्षं चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते आहे. माझा होकार मागू नकोस, तो द्यायचा हक्क मला उरलेला नाही. तो तुझ्या बोलण्याने थांबला नव्हता, एवढं मात्र तुझं आहे, ते घे. लग्न करायचं की नाही ते तू ठरव, आणि यापुढे मला आत्या म्हणायचं की नाही, तेही.

तुझीच,
तोआकासे